७५ मिमीचा बार १५० अंशांवर सहा तास ठेवूनही गाभ्यात फ्री रॅडिकल का उरतात?

प्रश्न थोडक्यात असा: जीयूआर १०५० चे, म्हणजे खुब्या-गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांत वापरल्या जाणाऱ्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचे, ७५ मिमी व्यासाचे रॅम-एक्स्ट्रूडेड बार, गॅमा किरणांनी १०० किलोग्रे डोस दिलेले. नायट्रोजन सोडलेल्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर ६ तास ठेवले, मग ओव्हन बंद करून दार उघडलं. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सला, म्हणजे ईएसआरला, कडेचा नमुना स्वच्छ निघाला. मधल्या नमुन्यात फ्री रॅडिकलचा सिग्नल आला. बार वाकले, दोन बारांच्या मध्यात पोकळ्या सापडल्या, आणि कडेची स्फटिकता ५८ वरून ४४ टक्क्यांवर आली. यापेक्षा १३० अंशांवर अ‍ॅनिल केलेलं, म्हणजे न वितळवता तापवलेलं, बरं का?

पोकळ्या, वाक आणि मधला सिग्नल या ओव्हन चालवण्यातल्या चुका आहेत. स्फटिकता घटली ही चूक नाही, ती रीमेल्टिंगची, म्हणजे किरण दिल्यावर माल पुन्हा वितळवण्याची, ठरलेली किंमत आहे. १३० की १५० हा तिसराच प्रश्न, आणि तो भाग कुठला बनवायचा आहे यावर ठरतो. या तिन्ही गोष्टी एकात मिसळल्या की माणूस ओव्हनच्या चुकीवर औषध म्हणून प्रक्रियाच बदलतो आणि तीच चूक नव्या प्रक्रियेत घेऊन जातो.

आधी सिग्नलचं बघू. किरण पडले की साखळीतले कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-कार्बन बंध तुटतात आणि फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी तुटलेला इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील जागा, तयार होतात. बेशिस्त, म्हणजे अमॉर्फस भागात साखळ्या हलू शकतात, त्यामुळे तिथले रॅडिकल एकमेकांना भेटतात आणि दोन साखळ्या जोडल्या जातात, म्हणजे क्रॉसलिंक होतात. स्फटिकाच्या पापुद्र्यात साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. तिथला रॅडिकल अडकून बसतो, वर्षानुवर्षं. पुढे तो हळूहळू साखळीवरून सरकत पापुद्र्याच्या काठाशी येतो. तिथे ऑक्सिजन असला की पेरॉक्सी रॅडिकल, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड, त्यातून कीटोन आणि आम्ल, आणि शेजारी एक नवा रॅडिकल, अशी साखळी चालू राहते. रेणुभार घटतो, भाग ठिसूळ होतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इम्प्लांट हवेतच २५ ते ४० किलोग्रे गॅमाने निर्जंतुक करून पाकिटात ठेवले जात. त्यांच्या पृष्ठभागाखाली कापावर जो पांढरा पट्टा दिसायचा तो याच ऑक्सिडेशनचा. उष्णोपचाराचं काम एकच: ऑक्सिजन पोचायच्या आत त्या अडकलेल्या रॅडिकलना मोकळं करून संपवणं. स्फटिक वितळला तर ते मोकळे होतात. वितळला नाही तर काही होतात, काही राहतात.

तुमच्या बारच्या मधले स्फटिक वितळलेच नाहीत. ओव्हनच्या डिस्प्लेवर १५० होतं, पण गाभ्यात किती होतं?

हिशोब करून बघा. पॉलिइथिलीनची उष्णतावहनक्षमता साधारण ०.४ वॅट प्रति मीटर-केल्विन आणि उष्णता-विसरण सेकंदाला ०.२ चौरस मिमीच्या आसपास असतं. त्रिज्या ३७.५ मिमी. ओव्हनमधली हवा बारला मध्यम वेगानेच उष्णता देते, तो गुणांक २० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन धरा. खोलीच्या तापमानावरून निघालेला गाभा १३७ अंशांजवळ यायलाच दोन तास जातात. खरी गंमत त्यापुढे. पन्नास-पंचावन्न टक्के स्फटिकता म्हणजे वितळायला ग्रॅममागे सुमारे १५० ज्यूल लागणार, आणि ही उष्णता आत ढकलायला तापमानाचा फरक उरतो फक्त दहा-बारा अंशांचा, कारण बाहेर १५० आणि वितळणारी सीमा १३८-१४० वर. शिवाय वितळलेला बाहेरचा थर घन थरापेक्षाही कमी उष्णता वाहतो. या आकड्यांनी वितळण्याची सीमा मध्यापर्यंत जायला सहा ते आठ तास येतात. म्हणजे थंड ओव्हनमध्ये बार ठेवल्यापासून गाभा पूर्ण वितळेपर्यंत आठ ते दहा तास. तुमचे सहा तास तर १५० चा आकडा दिसल्यापासून मोजलेलेही असतील, तरी गाभा अर्धवटच राहणार.

सेटिंग १५५ केलं तर फरक पंधरा-सोळा अंशांचा होतो आणि हाच वेळ सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. १४३ वर ठेवलं तर दुपटीहून जास्त लागतो. ‘वितळणबिंदू १३५, म्हणजे १४० पुरे’ हा हिशोब इथे फसतो. त्यात आणखी एक खोच आहे. किरणांनी अमॉर्फस भागातल्या ताणलेल्या साखळ्या तुटतात, पापुद्र्यांना स्वतःला नीट रचून घ्यायला मोकळीक मिळते, म्हणून किरण दिलेल्या बारचं वितळण्याचं टोक मूळ मालापेक्षा काही अंशांनी वर सरकतं. आपल्या मालाचं डीएससी (नमुना तापवत त्याने घेतलेली उष्णता मोजणारी चाचणी) किरण दिल्यानंतर काढा आणि वितळण्याचा शेवट कुठे होतो ते बघा, शिखर कुठे आहे ते नव्हे. सेटिंग त्या शेवटाच्या किमान दहा अंश वर हवं.

प्रसिद्ध प्रक्रियांचे आकडे उचलताना इथेच घसरायला होतं. मॅरेथॉन, लाँजेव्हिटी, ड्युरासुल ही कंपन्यांच्या क्रॉसलिंक केलेल्या मालाची नावं. मॅरेथॉन ५० किलोग्रेनंतर १५५ अंशांवर २४ तास रीमेल्ट आणि मग १२० अंशांवर २४ तास अ‍ॅनिल होतं. लाँजेव्हिटी १०० किलोग्रे इलेक्ट्रॉन बीमनंतर १५० वर सहा तास. ड्युरासुल ९५ किलोग्रे, आणि १५० वर फक्त दोन तास. पण ड्युरासुलचा माल किरण देतानाच १२५ अंशांवर गरम असतो आणि बीमची ऊर्जा त्यात भर घालते. १०० किलोग्रे म्हणजे ग्रॅममागे १०० ज्यूल. इलेक्ट्रॉन बीम हे काही मिनिटांत देतो, उष्णतेला बाहेर पडायला वेळ नसतो, तापमान पंचेचाळीस-पन्नास अंशांनी चढतं. गॅमाला तास लागतात, तिथे ही फुकटची उष्णता मिळत नाही. तेव्हा दुसऱ्याचे ‘१५० ला दोन तास’ आपल्या थंड, जाड, गॅमा दिलेल्या बारवर लावू नका.

उपाय साधा आहे. त्याच व्यासाचा, त्याच लांबीचा एक बार बळी द्या. लांबीच्या मध्यावर अक्षापर्यंत भोक पाडा आणि त्यात पातळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घट्ट बसवा. टोकाजवळ बसवू नका, टोक दोन बाजूंनी तापतं आणि खोटा दिलासा देतं. तार शक्य तितकी बारीक घ्या, नाहीतर ती स्वतःच बाहेरची उष्णता आत नेते. हा बार ओव्हनच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, पूर्ण भरलेल्या लोडमध्ये ठेवा. रेकॉर्डरवर आलेख बघितला की सगळं कळतं: तापमान चढत जातं, १३० च्या पुढे आडवं पडतं, तासन्‌तास तिथेच रेंगाळतं आणि मग अचानक पुन्हा वर निघतं. ते पुन्हा वर निघणं म्हणजे गाभा वितळला. घड्याळ तिथून सुरू. तिथून दोन ते चार तास पुरतात.

ओव्हनला काच असेल तर थर्मोकपलशिवायही हे डोळ्यांनी दिसतं. पांढरा, दुधट बार कडेपासून काचेसारखा पारदर्शक होत जातो आणि मध्ये एक पांढरी कांडी उरते, मेणबत्तीतल्या वातीसारखी. कांडी बारीक होत होत नाहीशी झाली की वितळणं पूर्ण. टोकाकडून बघू नका, टोक आधी पारदर्शक होतं, मध्यावर बघा. पांढरी कांडी दिसत असताना लोड काढला तर ईएसआरला सिग्नल येणार, त्यासाठी यंत्र चालवायचीही गरज नाही.

इथे ‘वितळलं’ म्हणजे पातळ झालं असं नाही. रेणुभार लाखांत नाही, दशलक्षांत आहे, वर क्रॉसलिंक. १५० अंशांवर हा माल ओघळत नाही, घट्ट रबरासारखा होतो. पण रबर स्वतःच्या वजनाने झुकतं, आणि बार वाकायला तेवढं पुरतं. दोन आधारांवर बार आडवा ठेवला असेल तर मधे झोळ पडणारच. उभा केला तर तो एका बाजूला कलतो आणि तळाशी फुगतो. पूर्ण लांबीला आधार देणारी व्ही आकाराची गुळगुळीत पन्हळ किंवा सपाट ट्रे घ्या. जाळीवर ठेवला तर जाळीचा ठसा कातडीवर उठतो. वरचा थर कापून टाकायचाच असेल तर ते चालून जातं. बारांमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि पंख्याचा झोत एकाच बाजूने बसणार नाही असं बघा. एक बाजू आधी वितळली की बार तिकडे वळतो. वितळताना घनता ०.९३ च्या आसपासून ०.७८ पर्यंत उतरते, म्हणजे आकारमान पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं. लांबी आणि व्यास दोन्हींत पाच-सहा टक्के जागा पन्हळीत ठेवलेली नसेल तर बार कोंडला जाऊन कुठेतरी वाकणारच.

वाकण्याचं दुसरं कारण बारच्या जन्मातलं आहे. रॅम एक्स्ट्रूजनमध्ये माल साच्यातून ढकलला जातो, काही दिशा आणि ताण त्यात गोठून राहतात. त्या अवस्थेतच किरण दिले की क्रॉसलिंक ती अवस्था पक्की करतात. वितळल्यावर बार थोडा आखडतो आणि एका बाजूचा ताण दुसरीपेक्षा जास्त असेल तर वळतो. किरण देण्याआधीच बारला ताण काढणारं अ‍ॅनिलिंग दिलेलं असावं. पुरवठादाराकडून ते झालं आहे का, हे विचारून घ्या.

आता पोकळ्या. इथे दार उघडणं हा सरळ गुन्हा आहे.

वितळलेला बार थंड होताना बाहेरून आत स्फटिकतो. बाहेरची नळी घट्ट झाली की आतला, अजून रबरासारखा गाभा आकसायला लागतो, पण नळी त्याला सोबत आत येऊ देत नाही. गाभ्यात चहूबाजूंनी ताण येतो. नशीब बरं असेल तर तो ताण तसाच गोठतो आणि मशीनवर खुब्याचा कप कापल्यावर भाग लंबगोल होऊन त्याची भरपाई करतो. नशीब नसेल तर गाभा फाटतो, त्याच तुमच्या पोकळ्या.

किती सावकाश थंड करायचं याचाही हिशोब आहे. ७५ मिमीच्या बारला तासाला १० अंशांनी थंड केलं तर गाभा कडेपेक्षा सुमारे ५ अंशांनी गरम राहतो. हे स्फटिकन चालू नसताना. स्फटिकन सुरू झालं की तेच १३०-१५० ज्यूल बाहेर पडायला लागतात, आणि पंधरा-वीस अंशांच्या पट्ट्यात मालाची परिणामी उष्णताधारणा पाचपट झाल्यासारखी होते. तोच तासाला १० अंशांचा वेग आता गाभा आणि कड यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक पाडतो: कड पूर्ण स्फटिकलेली, गाभा अजून द्रव. म्हणून वेग सगळीकडे सारखा ठेवायची गरज नाही. १५० पासून १२८ पर्यंत तासाला १० अंश खुशाल चालवा. १२८ ते १०५ हा पट्टा तासाला २ ते ३ अंशांनी ओलांडा. त्यात आठ-दहा तास जातील, जाऊ द्या. पुढे ६० पर्यंत पुन्हा १० अंश. ६० च्या खाली आल्यावरच दार उघडा, तेही नायट्रोजन बंद करून ओव्हनच्या आतला ऑक्सिजन मोजल्यावर. खोलीत साठलेला नायट्रोजन माणसाला काही न सांगता खाली पाडतो. ओव्हनचा कंट्रोलर इतका सावकाश उतरत नसेल तर १२० अंशांवर चोवीस तास थांबा. मॅरेथॉनच्या दुसऱ्या टप्प्याचा उद्देश हाच, ताण सोडवणं.

व्यास बदलला की हे सगळे आकडे त्रिज्येच्या वर्गाने बदलतात. ५० मिमीच्या बारला निम्म्याहून कमी वेळ, १०० मिमीला पावणेदोन पट. एकाच ओव्हनमध्ये एकाच रेसिपीवर दोन व्यास भरायचे असतील तर रेसिपी जाड बारची वापरायची. पातळ बार जास्त वेळ वितळलेला राहिला तर बिघडत नाही, नायट्रोजन खरा असेल तर.

नायट्रोजन खरा आहे का, हेही एकदा तपासा. सिलिंडर जोडला म्हणजे ओव्हनमध्ये नायट्रोजन आला असं नव्हे. बाहेर जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावा आणि हिटर चालू करण्याआधी आकडा खाली आलेला बघा. दाराची सील गरम झाल्यावर गळते, थंड असताना नाही. कातडी पिवळसर-तपकिरी झाली असेल तर ऑक्सिजन आत होता. तरीही घाबरू नका: १५० अंशांवर ऑक्सिजन कातडीतच खर्च होतो, खोल जात नाही. बारमधून भाग कापताना वरचे काही मिलिमीटर तसेही जातात. किती मिलिमीटर काढायचे हे अंदाजाने ठरवू नका. मायक्रोटोमने कडेपासून आत २०० मायक्रॉनचे काप घ्या, प्रत्येकाचं एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट, काढा, कार्बोनिलचा पट्टा १३७० च्या पट्ट्याने भागा (पद्धत एएसटीएम एफ२१०२ या मानकात आहे), आणि हा ऑक्सिडेशन निर्देशांक शून्यावर कुठे बसतो ते बघा. त्याच्या दुप्पट खोली टाकून द्या.

किरण आणि ओव्हन यांच्यामधल्या दिवसांकडे बहुतेक कोणी बघत नाही. ऑक्सिजन खोलीच्या तापमानालाही आठवड्याभरात पॉलिइथिलीनमध्ये काही मिलिमीटर आत जातो. तिथले रॅडिकल त्याला पकडून हायड्रोपेरॉक्साइड बनवतात. रीमेल्टिंगने रॅडिकल जातात. हायड्रोपेरॉक्साइड मात्र परत पूर्वस्थितीत येत नाहीत, ते उष्णतेने फुटतात, कार्बोनिल आणि नवे रॅडिकल देतात. महिनाभर साध्या प्लॅस्टिकमध्ये पडून राहिलेला बार कितीही नीट रीमेल्ट केला तरी कडेला निर्देशांक दाखवतो तो यामुळे. किरण द्यायला पाठवतानाच बार निर्वात किंवा नायट्रोजन भरलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पिशवीत सील करा, आल्यावर पिशवी ओव्हनच्या दारातच फोडा. वेळ जाणारच असेल तर पिशवीसकट फ्रीझरमध्ये.

आता स्फटिकता ५८ वरून ४४. क्रॉसलिंक झालेल्या साखळ्या वितळल्यावर पुन्हा पूर्वीसारख्या रचल्या जात नाहीत. गाठी मधे येतात. पापुद्रे पातळ होतात, कमी होतात. कितीही सावकाश थंड केलं तरी एखाद-दोन टक्क्यांपेक्षा जास्त परत मिळत नाही. याचा परिणाम यील्ड ताकदीवर दोन-तीन मेगापास्कलचा, पण थकव्याने वाढणाऱ्या भेगेला होणाऱ्या विरोधावर बराच जास्त. झीज मात्र यामुळे वाढत नाही. झिजेचा विरोध क्रॉसलिंकमधून येतो, आणि ते वितळण्याने तुटत नाहीत.

एक सूचना: ४४ हा आकडा कडेचा आहे. मधल्या नमुन्याचंही डीएससी करा. मिनिटाला १० अंश, पाच-दहा मिलिग्रॅम, पूर्ण स्फटिकाची उष्णता ग्रॅममागे २८९.३ ज्यूल धरून, आणि फक्त पहिलं तापवणं मोजायचं. दुसऱ्या तापवण्यात ओव्हनचा सगळा इतिहास पुसलेला असतो. मध्यात पन्नासच्या वर स्फटिकता आणि १४० च्या आसपास शिखर दिसलं तर गाभा वितळला नव्हता याचा हा दुसरा पुरावा. एकाऐवजी दोन शिखरं, किंवा ११०-१२० कडे एक खांदा दिसला तर तो भाग वितळण्याखालच्या तापमानावर बराच वेळ बसला होता: पातळ पापुद्रे वितळले, थंड होताना वेगळे स्फटिकले, जाड तसेच राहिले. अ‍ॅनिल केलेल्या मालाची ओळख हीच. रीमेल्ट म्हणून आलेल्या मालात हा खांदा दिसला तर प्रमाणपत्र बाजूला ठेवून ओव्हनचा चार्ट मागा.

डोसबद्दल शंका असेल तर ट्रान्स-व्हिनिलीनचा, म्हणजे किरणांनी साखळीत बनणाऱ्या दुहेरी बंधाचा, निर्देशांक काढा, एफटीआयआरमधला ९६५ चा पट्टा. तो डोसच्या प्रमाणात वाढतो आणि ओव्हनमध्ये नाहीसा होत नाही. स्वेल रेशो (द्रावकात नमुना किती फुगतो, म्हणजे क्रॉसलिंकचं माप) चुकला पण हा निर्देशांक बरोबर असला तर दोष डोसकडे ढकलता येत नाही. दोन्ही चुकले तर किरणकेंद्राशी बोला. ईएसआरचा नमुना कापताना करवत तापू देऊ नका, आणि रिकाम्या नळीचं मोजमाप आधी घ्या.

मग १३० की १५०?

१३० अंशांवर, म्हणजे वितळण्याखाली, साखळ्या स्फटिकातही बऱ्यापैकी हलतात. रॅडिकल बरेचसे संपतात, पण सगळे नाहीत. मोबदल्यात स्फटिकता टिकते किंवा किंचित वाढते आणि भेगेला होणारा विरोध वाचतो. पहिल्या पिढीतला क्रॉसफायर नावाचा माल असा होता: ७५ किलोग्रे, वितळण्याखाली अ‍ॅनिलिंग, आणि शेवटी नायट्रोजनमध्ये आणखी सुमारे ३० किलोग्रे गॅमाने निर्जंतुकीकरण, म्हणजे रॅडिकलची आणखी एक फेरी. शरीरातून काढलेल्या अशा कपांच्या कडांवर ऑक्सिडेशन सापडलं, खुब्याचा चेंडू फिरतो त्या पृष्ठभागावर फारसं नाही. तिथे चेंडू द्रवातला ऑक्सिजन अडवतो, कड उघडी असते. त्यानंतरच्या एक्स३ या मालाने तोच मार्ग सुधारून घेतला: ३० किलोग्रे, मग १३० वर आठ तास, आणि हे तीन वेळा. एकदम ९० देण्याऐवजी प्रत्येक वेळी थोडे रॅडिकल बनवायचे आणि पुढची फेरी येण्याआधी त्यांना संपायला वाव द्यायचा. शेवटी गॅमा नाही, गॅस प्लाझ्मा.

रीमेल्टमध्ये मोजता येण्याजोगा रॅडिकल उरत नाही, पण पातळ कड, धारदार खाच आणि उभा बसलेला कप एकत्र आले की कडेला भेग जाण्याची शक्यता वाढते. आणि ‘रॅडिकल नाही म्हणजे ऑक्सिडेशन कधीच नाही’ हेही खरं नाही. शरीरातले स्निग्ध पदार्थ मालात शिरतात, वरून भार येत-जात राहतो, आणि शरीरातून काढलेल्या रीमेल्ट लाइनरमध्येही (खुब्याच्या कपातलं अस्तर) काही वर्षांनी निर्देशांक वाढलेला आढळला आहे. वेग कमी असतो, शून्य नसतो.

माझं मत असं: खुब्याचा लाइनर, पुरेशा जाडीचा, कड पूर्ण आधारलेली, तर रीमेल्ट करा आणि निवांत राहा. गुडघ्याचा इन्सर्ट, जिथे मधला खांब किंवा लॉकची पातळ जीभ वाकण्याचा भार घेते, तिथे १०० किलोग्रे आणि रीमेल्ट ही जोडी मी टाळेन. डोस खाली आणा, टप्प्याटप्प्याने अ‍ॅनिल करा किंवा व्हिटॅमिन ई चा माल घ्या. व्हिटॅमिन ई किरण दिल्यानंतर आत मुरवायचं असेल तर तेल शोषवणं आणि समान पसरवणं दोन्ही १२० च्या आसपास, वितळण्याखाली करतात, कारण रॅडिकल सांभाळायला आता व्हिटॅमिन आहे आणि स्फटिक वाचवायचे आहेत. आधीच पावडरमध्ये मिसळलेलं असेल तर ते क्रॉसलिंकिंगच्या वेळीही रॅडिकल खातं; तेवढ्याच क्रॉसलिंकसाठी डोस वाढवावा लागतो. शंभर किलोग्रेच्या पुढे झिजेचा फायदा जवळपास थांबतो आणि तोटे चालूच राहतात, हेही डोस ठरवताना लक्षात असू द्या.

रीमेल्ट निवडलंत तर शेवटी गॅमा लावू नका. २५ किलोग्रेने ओव्हनमधली सगळी मेहनत पुसली जाते, आणि आता पाकिटात पुन्हा वितळवता येत नाही. इथिलीन ऑक्साइड किंवा गॅस प्लाझ्मा. त्याच कारणाने उष्णोपचार नेहमी बारवर, मशीनिंगच्या आधी. तयार कप १५० वर ठेवला तर तो कप राहत नाही.

मशीनिंगबद्दल थोडंच. कच्चे तुकडे कापून एक-दोन दिवस स्थिर तापमानाच्या खोलीत ठेवा, मग अंतिम माप काढा. या मालाचं प्रसरण केल्विनमागे दशलक्षात दीडशे भागांच्या आसपास आहे. ५० मिमीचा लाइनर ५ अंश गरम असताना मोजला तर जवळपास चाळीस मायक्रॉनची चूक फुकट मिळते, आणि दोष उष्णोपचारावर जातो.

हातात असलेल्या बारांचं काय करायचं? पोकळी असलेले टाकून द्या, त्यांना दुसरी संधी नाही. उरलेले पुन्हा ओव्हनमध्ये घालता येतील, पण ते उघड्यावर किती दिवस होते हे आधी बघा. दोन-चार दिवस असतील आणि कडेचा निर्देशांक स्वच्छ असेल तर १५५ वर, गाभ्यातल्या थर्मोकपलने गाभा वितळल्याचं दाखवल्यानंतर चार तास, मग वर सांगितलेलं थंड करणं. रुग्णात जाणाऱ्या मालासाठी हे करायचं तर पुनर्प्रक्रिया म्हणून तिचं वेगळं प्रमाणीकरण हवं: ऑक्सिडेशन, डीएससी, ईएसआर, स्वेल, टेन्साइल, आणि एएसटीएम एफ२००३ प्रमाणे ७० अंशांवर ५ वातावरण ऑक्सिजनमध्ये १४ दिवस वृद्धीकरण केल्यावर पुन्हा तेच. हे कागद नसतील तर ते बार चाचणीसाठी वापरा. पहिल्या बळीच्या बारसाठी त्यांतलाच एक घ्या.